झाकणाच्या आतली ओळ

नाव: अलकनंदा निहार टिपणीस, वय ४६, धंदा: खोकी छपाई, रा. सेक्टर ५१, नोएडा. पुण्याहून आलेल्या पोलीस पथकाने नोएडातील ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती निहार यांच्यासह राहते. नोएडातच आमचा औषधांची व तेलांची खोकी छापण्याचा छापखाना आहे. तो माझे सासरे कै. मुरलीधर यांनी सुरू केला. प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आत छापखान्याचे नाव व पत्ता छापायचा, हा त्यांचा नियम आम्ही आजही पाळतो.

गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या आरतीनंतर अंशुमन देवल नावाचा इसम माझ्या पतींना भेटला. आपण मूळचे पुण्याचे, भांगेच्या बियांचे तेल विकतो, खोकी हवीत, असे त्याने सांगितले. "बिल्कुल लीगल आहे दादा, आयुर्वेदिक आहे," हे त्याचे शब्द. अशा मालाच्या खोक्याला आम्ही परवान्याची प्रत घेतल्याशिवाय शाई लावत नाही. गुडगावच्या एका गिऱ्हाइकाला मी त्याच महिन्यात परत पाठवले होते. पण याने मोदक मागून खाल्ला आणि पतींना तेवढा परवाना पुरला. मी विचारले तर म्हणाले, "अगं, आपला माणूस आहे यार." दिल्लीत कोणी "कसं काय" म्हटले की आमच्या लोकांची अक्कल चरायला जाते.

खोक्यावर हिमालय, पान आणि एक ऋषी होते. ऋषींची दाढी त्याने तीनदा बदलून घेतली. परवाना मात्र शेवटपर्यंत "येतोय" होता. नमुना पाहून तो म्हणाला, "वहिनी, आतली ओळ काढा, लुक खराब होतो." पतीही म्हणाले, काढ. मी काढली नाही. लुक आधीच खराब होता.

आपण सांगता की पुण्यात पकडलेल्या त्या खोक्यांत गांजा निघाला. अंशुमनचा खोक्यावरचा पत्ता म्हणजे भाड्याच्या ऑफिसातले एक टेबल, आणि आता तेही दुसऱ्याचे आहे. साऱ्या खोक्यावर खरा पत्ता आमचाच, म्हणून आपण काल माझ्या पतींना ताब्यात घेतले. खोटे छापून घेणारा मोकळा आणि खरे छापणारा आत, असा हा तपास आहे.

विचारल्यावरून सांगते की, आत गांजा भरणार हे आम्हाला ठाऊक असते तर झाकणात स्वतःचा पत्ता छापला नसता. एवढी अक्कल भुरट्या चोरालाही असते. परवाना न मागणे हा माझ्या पतींचा मूर्खपणा आहे. मूर्खपणाला कोणते कलम लागते ते आपण सांगावे. मला त्यांचा फार राग आला आहे. तो मला घरी काढायचा आहे, त्यासाठी त्यांना घरी सोडावे. हवालदार म्हणाले, "मॅडम, राग जबाबात लिहीत नाहीत." तरी लिहावा.

माझा जबाब मी सांगितला तसाच संगणकावर घेतला. तो मला वाचून दाखवला, बरोबर आहे. खाली माझी सही, नाव व पत्ता आहे. तोही खरा आहे.