मेस्त्रीची दृष्ट

पळस्प्याच्या गॅरेजात कृष्णकांत इंद्रजीत मेस्त्रीला तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

"मोठे टायर बसले, सस्पेन्शन उचललं. मग माझी पिकअप गाडी आज का देत नाही?"

"ब्रेक जुनेच आहेत, साहेब. एवढ्या जड टायरांना ते आवरणार नाहीत. दोन दिवस द्या."

"ब्रेकचं नंतर बघू हो. शनिवारी मित्रांबरोबर डोंगरात जायचंय."

इतक्यात उरणची दमयंती कोळीण मूठ आवळून आत आली.

"इंद्रजीत मेस्त्री, बस त्या स्टुलावर. तुजी दृष्ट काढायची हाय."

"माझी? मावशी, मागच्या महिन्यात तर 'तुजं तळपट होवो' म्हणालात!"

"म्हनूनच आले. बिरेकसाठी आमची गाडी दोन दिस अडवलीस, माझा बाजार बुडाला, तोंडाला येल ते बोलले. काल पुढचा ट्रेलर मधीच थांबला. मागं बर्फ न् मावरं भरलेलं, गाडीवर माझा पोरगा प्रितेश. हातभर अंतर राहिलं रं, हातभर!"

"ब्रेक लागले. त्यात माझं काय?"

"गप बस. हात पुढं कर. हातांचीच काढते."

मीठ-मिरच्या ओवाळून झाल्यावर तिची नजर कृष्णकांतच्या टायरांवर गेली.

"याचे बिरेक केलेस?"

"साहेब नको म्हणतात."

"ठेव गाडी दोन दिस. शिव्या देल, देऊ दे. मागून येल मीठ-मिरच्या घेऊन."

कृष्णकांत बाकावर परत बसला.

"मावशी, मिरच्या किती घ्यायच्या असतात?"