दुसरी शेपटी

—तुझेच हात चुकत असणार, दुसरं काय? तीन वर्षं म्हणे प्रथिन काढतेय आणि आमच्या लेखातल्या चित्रातला डाग तुला काही दिसत नाही! म्हणून एवढ्या लांबून आमच्याच प्रयोगशाळेत आलीस, आमची कृती तपासायला? बस. त्या स्टुलावर नको, पाय हलतो त्याचा — हं, त्यावर. आणि मॅडम नको म्हणूस. मॅडम लोक वरच्या मजल्यावर बसतात, नाकाने कांदे सोलत. मी तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं पेशींच्या पडद्यातून प्रथिनं उपसतेय. इथे सगळे मावशी म्हणतात, तूही म्हण.

आमची प्रयोगाची वही कशाला हवी? छापलंय की सगळं. पेशीचा पडदा चरबीचा, त्यात आपलं प्रथिन रुतलेलं — पोटॅशियमची ये-जा व्हायला मधोमध भोक असलेलं — ते चरबीतून सोडवायला साबण लागतो, मग ते बर्फात गोठवायचं, लाखो फोटो काढायचे, एकावर एक रचायचे. येतं ना तुला? मग? — काय, भोक रिकामं दिसतं? आमचं भरलेलं होतं बाई. लांबट डाग, नेमका भोकात. आमचे सर, या लॅबचे प्रमुख, तो बघून खुर्चीतून उठले! म्हणाले, हे तर निसर्गाने बसवलेलं बूच — शरीरातलीच चरबी भोकात शिरते आणि वाट बंद करते. झालं! भाषणं काय, हार काय, दारावर नवी पाटी काय. फोटो काढायला आले तेव्हा तर माझा पांढरा कोट घालून उभे राहिले, स्वतःचा सापडेना. सापडेल कसा, घालतात कधी?

हसू नकोस. तुझ्या गाईडबाई काही कमी नाहीत. म्हणे 'मुलीच्या हातात कसब नाही'! त्यांनी स्वतः शेवटची नळी कधी धुतली, विचार. या वर्षात डाग नाही दिसला तर तुझा प्रबंध बंद, असंच म्हणाल्या ना? मग तू चरबी ओतून पाहिलीस, दुप्पट ओतलीस, भोक काही बंद होत नाही — होणार कसं? डोंबल! अगं, चरबीच्या रेणूला दोन शेपट्या. पहिल्या वर्षाच्या पोरांना ठाऊक असतं. डागाला किती? एक. सरांना विचारलं कुणी, तर म्हणाले, दुसरी हलते फार, म्हणून दिसत नाही! तीनशे विद्वान बसले होते सभागृहात, माना डोलवत. दुसरी हलते म्हणे! आणि एका शेपटीचं काय असतं? साबण असतो. बारा कार्बनची शेपटी, मोजून घे, डागात बरोब्बर तेवढीच मा—

म्हणजे, मी आपलं उदाहरण दिलं.

अशी काय बघतेस? कृतीत लिहिलेला साबण जाडा आहे, तो भोकात शिरतच नाही, हे तुलाही कळलंय. म्हणून तुझं भोक रिकामं. म्हणून सगळ्यांचं रिकामं. बरं, ऐक — त्या दिवशी आमचा साबण संपला होता. मागवायचं काम वरच्या शहाण्यांचं, ते विसरले. पेशी फोडून तयार, थांबले असते तर सगळं वाया. शेजारच्या लॅबच्या फ्रीजमधून बारीक, एकाच शेपटीचा साबण घेतला मी, न विचारता. न विचारता घेतलेलं वहीत कोण लिहितं? वाटलं, नुसती चाचणी आहे, पुढच्या वेळी नीट करू. आणि नेमका तोच नमुना उत्तम निघाला!

बोलायचं होतं गं. संगणकावर चित्र बघितलं त्याच दिवशी ओळखलं मी, साबण आहे हा, माझा साबण. तोंड उघडणार तेवढ्यात सर सगळ्यांसमोर म्हणाले, मावशींचं नाव घालायचं या लेखात, चौथं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! माझ्या हातची प्रथिनं घेऊन किती जण डॉक्टर झाले, आभाराच्या ओळीत सुद्धा घातलं नव्हतं कुणी. माझी थोरली बहीण, जन्मभर मला बाटल्या धुणारी म्हणाली, तिने ते पान फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय. आल्यागेल्याला दाखवते. मग मी मूग गिळून बसले. चुकले, माहितेय मला. सरांना हसते मी, पण ते निदान फसलेत. मी नाही फसलेली.

काय? लिहून देऊ? सहीनिशी?

वा! तुझा प्रबंध वाचेल, लेख मागे घेतील, सर दुसरीकडे खुर्ची मिळवतील — ती जमात कधी जमिनीवर बसते का! — आणि मी? चोरून साबण घेतलेली, खोटी वही ठेवलेली बाई. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझं. बहिणीला काय सांगू, उतरव ती फ्रेम? नाही. नाही देणार. तीन वर्षं गेली तुझी, तर तरुण आहेस, दुसरा विषय घे. कुणी विचारलं तर म्हणेन, आली होती, पाणी प्यायली, गेली.

रडू नकोस इथे. मला रडणाऱ्या पोरींचा भारी कंटाळा. ऊठ. सेंट्रिफ्यूज थांबत आलंय, मला ट्यूब काढायच्यात, उशीर झाला की तळाला बसलेलं पुन्हा ढवळलं जातं. जिना डावीकडे.

अगं, पेन राहिलं तुझं. आणि हा कागद, कोरा —

ए मुली!

— मुद्दाम ठेवलंस होय.