पाकीट आज सकाळीच उघडलं

जमलेल्या सर्वांना नमस्कार. मला बोलायची सवय नाही. आज तर जास्तच जड जातंय. मी इथल्या नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. आपले भाऊसाहेब या दवाखान्याची यंत्रं सांभाळायचे. पाथर्डीहून रोज एसटीने यायचे. परवा गेले.

आत्ता व्यासपीठावरून त्यांची स्तुती झाली. मला ती ऐकवेना.

मंडळी, बाळाला किती ऑक्सिजन जातोय हे दाखवणारं एक यंत्र वॉर्डात आहे. त्यातला सेन्सर झिजतो, बदलावा लागतो. मागच्या वेळी नवा आला, तर तो पाहुण्यांच्या हस्ते बसवायचं ठरलं. भाऊसाहेब म्हणाले, "पाकीट फोडलं की हवा लागून हा झिजतोय. ह्याला कशाला पाहुना?"

ऑफिसातून उत्तर आलं, "अहो, दम धरा की. नारळ तरी फोडू द्या."

"नारळ फोडा हो. पाकीट न्हाई."

तरी ऑफिसने पाकीट फोडलंच. सेन्सर ताटात ठेवला, हार घातला, फोटो काढला. पाहुण्यांची तारीख मिळेना. सेन्सर तसाच उघडा, महिनोन्‌महिने कपाटात. शेवटी बसवला. साध्या हवेत एकवीस टक्के दाखवायला हवं, तो सोळाच्या वर जाईना. भाऊसाहेबांनी यंत्रावर चिठ्ठी लावली, 'वापरू नये'. ती कोणी फाडली? इथेच बसलेत. भाऊसाहेबांना आगाऊ कोणी म्हटलं? तेही इथेच बसलेत. आणि आम्ही बाळांना अंदाजाने ऑक्सिजन देत राहिलो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे जादा ऑक्सिजनने जाऊ शकतात, हे माहीत असून.

त्या फोटोत मी टाळ्या वाजवतेय. मला किळस येते. तुमची येते, माझीही येते.

भाऊसाहेबांनी मागे लागून मागवलेला दुसरा सेन्सर ते गेले त्याच दिवशी आला. काल मला निरोप मिळाला, "सिस्टर, हात लावू नका. शोकसभेनंतर पाहुण्यांच्या हस्ते बसवू. भाऊसाहेबांच्या स्मरणार्थ."

स्मरणार्थ!

मी तो आज सकाळीच बसवला. त्यांनी शिकवलं होतं तसा. जुना काढला, नवा लावला, हवेत ठेवला, आकडा जुळवला. एकवीसवर स्थिर राहिला. दहा वाजता एक बाळ आलं. यंत्र आता त्याच्यापाशी आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा.

वॉर्डाबाहेर नारळाचं ताट मांडलंय, ते उचलून न्या. आत कोणी येऊ नका.

आता इथेच, आहात त्या जागी उभे राहा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.

भाऊसाहेब, नमस्कार करते.