निळी की निळं

सून — निघालेच मी आता. जीभ अजून जड आहे, तेव्हा नीट ऐका. हात धुवायची निळी बाटली भरलीत ना?

सासू — भरली की, अगदी गळ्यापर्यंत. मघाशी दाताच्या दवाखान्यातून तूच फोन केलास ना, निळं भरा म्हणून.

सून — निळं नाही, आई. निळी. निळी बाटली भरा म्हणाले होते.

सासू — मग तेच केलं. निळीत निळं भरलं. इंजेक्शनने तुझं तोंड बधिर झालेलं, अर्धं मी ऐकलं आणि अर्धं समजून घेतलं.

सून — निळं म्हणजे काय भरलंत?

सासू — अगं, आपला फेसाचा साबण. तू घरी पाणी घालून ठेवतेस तो.

सून — या खेपेला साबण निळा नाहीये. मागच्या वेळी पाळणाघरातल्या मुलांसाठी निळा रंग घातला, तर बंड्या फेस चाटायला लागला, आठवतंय? म्हणून आता रंगच घालत नाही मी. साबण पाण्यासारखा दिसतो.

सासू — असं होय.

सून — आई, कॅन कुठून घेतलात?

सासू — गॅलरीतून. पांढरा कॅन, आत निळं होतं तो.

सून — ते संडास साफ करायचं आहे. जळजळीत असतं ते.

सासू — दोन्ही कॅन सारखे गं. दोन्ही तू सुटंच आणतेस, वर नाव ना गाव.

सून — ते नंतर. मुलं कुठे आहेत?

सासू — जेवायला बसतायत. बंड्या बसला, जुळे बसले. छकुली हात धुवायला…

सून — पळा, आई. फोन स्पीकरवर टाका आणि पळा.

(चपला फरफटल्याचा आवाज. मग एक दार.)

सासू — छकुली, हात लांब धर. डोळ्याला लावू नकोस. आधी बाटली इकडे दे.

छकुली — आजी, फेसच येत नाही. दाबून दाबून माझं बोट दुखलं.

सून — आई, नळ सोडा पूर्ण. तिचे दोन्ही हात त्याखाली धरा. बाटली वर फळीवर ठेवा, कुणाचा हात पोचणार नाही अशी.

सासू — ठेवली. धरलेत हात.

सून — छकुली, बाटलीतून काही आलं का गं?

छकुली — काकू, तू अशी काय बोलतेस? तुझ्या तोंडात लाडू आहे का?

सून — दाताच्या डॉक्टरांनी तोंड झोपवलंय माझं. तू सांग, हातावर काय पडलं?

छकुली — निळं पडलं. एवढंसं. इथे.

सासू — तळव्यावर दाखवतेय. थेंबभर असेल.

सून — डोळ्याला हात लावलास?

छकुली — नाही.

सून — तोंडाला? नाकाला?

छकुली — नाक पुसलं. पण ह्या नाही, त्या हाताने.

सासू — दोन्ही हात धुतेय गं मी.

सून — धुवा. तिचे हात सोडू नका फक्त. आई, त्यात पाणी घातलं होतंत?

सासू — नाही. साबणात तू एकाला चार पाणी घालूनच कॅन भरून ठेवतेस, म्हणून तसंच ओतलं. दाट वाटलं जरा. म्हटलं, गारठ्याने झालं असेल.

सून — वाचलो मग. तो पंप पातळ असलं तरच फेस काढतो, दाट त्याला ओढता येत नाही. पाणी घातलं असतंत तर छान निळा फेस आला असता. आणि तो बघून बंड्या सगळ्यात आधी धावला असता.

सासू — नको ना बोलूस.

छकुली — काकू, आजी रडतेय.

सासू — रडत नाहीये. पाणी उडालं तोंडावर.

सून — आई, मला एक कळत नाहीये. त्याचा वास इतका उग्र आहे की ओतताना मी तोंडाला फडकं बांधते. तुम्ही बाटलीभर कसं ओतलंत?

सासू — खिडकी उघडी होती.

सून — आई.

सासू — वारा होता चांगला.

सून — आई, खरं सांगा.

सासू — मला वास येत नाही.

सून — सर्दी झालीय?

सासू — नाही. मागे तो ताप आला होता ना मोठा, त्यात जो गेला तो परत आलाच नाही.

सून — त्याला वर्ष होऊन गेलं. रोज सकाळी दुधाच्या भांड्यात नाक घालून बघता तुम्ही.

सासू — तू समोर असतेस म्हणून घालते. तुझी पाठ वळली की थेंबभर जिभेवर ठेवून बघते.

सून — आणि साबण? तो काय चाखून बघता?

सासू — बाटली भरली की आधी माझे हात धुते, कोपरापर्यंत. मग थोडी बसून राहते. चुरचुरलं नाही तर मुलांना बेसिनपाशी जाऊ देते. आजही धुणारच होते, तेवढ्यात तुझा फोन वाजला.

सून — मला का नाही सांगितलंत?

सासू — कसं सांगू? पोरं लोकांची. पाळणाघरातल्या आजीला वासच येत नाही म्हटल्यावर कोण ठेवील आपलं मूल? तू तरी मला त्यांच्याजवळ बसू दिलं असतंस? ही मुलं आहेत म्हणून माझा दिवस जातो गं. रोज घाबरत होते मी. पण आजच्यासारखी नाही.

सून — हात कसा दिसतोय तिचा?

सासू — लाल आहे. पाण्याने झालाय की त्याने, मला कळत नाहीये.

सून — छकुली, चुरचुरतंय का गं?

छकुली — गार लागतंय. अजून किती धुवायचे?

सून — मी येईपर्यंत. कोपऱ्यावरच आलेय. मग आपण डॉक्टरांना दाखवून येऊ.

सासू — तिच्या आईला सांगशील?

सून — सांगावंच लागेल. आत्ताच, दवाखान्यात जायच्या आधी.

सासू — हो, सांग. काय सांगशील?

सून — मी बोलले एक, तुम्ही ऐकलंत दुसरं. आणि दोन सारखे कॅन मी आणून ठेवले, चिठ्ठीसुद्धा चिकटवली नाही.

सासू — आणि माझ्या नाकाचं?

सून — तेही सांगणार.

सासू — म्हणजे उद्यापासून मी मुलांजवळ नको.

सून — मला माहीत नाही, आई. उद्याचं आत्ता विचारू नका. मला फक्त भीती वाटतेय. तोंड बधिर आहे आणि पाय धावतायत, एवढंच कळतंय मला.

सासू — सावकाश ये. रस्ता बघून ओलांड.

छकुली — आजी.

सासू — काय गं? आग होतेय?

छकुली — नाही. काहीतरी जळतंय.

सासू — कुठे?

छकुली — तिकडे. दुधासारखा वास येतोय. काळ्या दुधासारखा.

सून — आई, गॅस.

सासू — दूध ठेवलं होतं मी. पार विसरले. मुलांनो, जागचे हलू नका कुणी. छकुली, हात पाण्याखालीच ठेव हं, मी आलेच.

सून — छकुली, मी आहे फोनवर. हात पाण्यात आहेत ना?

छकुली — आहेत. सुरकुत्या पडल्यात, आजीसारख्या.

सासू — आले. बंद केला गॅस. भांडं गेलं कामातून.

सून — जाऊ दे भांडं. खिडक्या उघडल्यात?

सासू — सगळ्या उघडल्या. छकुली, गेला का गं वास?

छकुली — अजून थोडा येतोय.

सासू — बरं. गेला की मला सांग.