एक्सच्या जागी काय घालायचं

नाही ताई, पाणी नको, असू द्या — तुमचं ते पुस्तक जरा द्याल? लगेच परत देतो. तुमचा मुलगा आत पेपर लिहितोय, त्याला आत्ता काय उपयोग त्याचा. हेच पान तुमच्या मांडीवर उघडं होतं, मघाशी सहज नजर गेली — हे बघा, एक्स अधिक दोनने भागायचंय, आणि यांनी एक्सच्या जागी काय घातलंय? वजा दोन. वजा! छापताना चुकलं असेल का हो? नाही ना? खालच्या उदाहरणातही चिन्ह उलटंच केलंय. त्याच्या खालीही.

मी सकाळी पोरीला अधिक दोन घालायला लावलं.

मी सुतार आहे, मास्तर नाही — पण मोजमापात जन्म गेला, म्हणून वाटतं आपल्याला येतं. सकाळी ती गणित घेऊन बसली होती — एक्सचा घन, अधिक के एक्सचा वर्ग, वजा तीन एक्स, अधिक चार. त्याला एक्स अधिक दोनने भागलं तर बाकी दहा उरते, मग के किती? भागाकार करायचाच नाही म्हणे, एक्सच्या जागी आकडा घालायचा, येईल ते दहाच्या बरोबर मांडायचं, की के सापडला. मला तर फार आवडलं. तिने वजा दोन घातलं, के आला दोन. मी म्हटलं, समोर धडधडीत अधिक दोन दिसतंय, तू वजा कुठून आणलंस? मग मी घातलं अधिक दोन — आठ, अधिक चार के, वजा सहा, अधिक चार — चार के अधिक सहा बरोबर दहा, के आला एक! ना अपूर्णांक, ना काही. चुकीचं उत्तर इतकं सुटसुटीत येतं का कुठे? येतं, ताई. आता कळलं मला.

ती म्हणत होती हो — बाबा, ज्या आकड्याने भाजक शून्य होतो तो घालायचा, बाईंनी सांगितलंय. मी म्हटलं, बाई येतात का तुला जेवायला घालायला? आणि हात जरा — टेबलावर हो, टेबलावरच आपटला. तिने मुकाट्याने खोडलं. मग तसलीच आणखी करून घेतली मी तिच्याकडून, सगळी अधिक घालून.

भीती वाटते हो. मार्कांचं मरू दे — गेल्या वर्षी ती गणितातच नापास झाली, आणि निकालाच्या दिवशी आतून कडी लावून घेतली. हाका मारल्या, ओ नाही. बिजागऱ्या खोलून दार उतरवलं मी. ठीक होती, कोपऱ्यात बसली होती, काही केलं नव्हतं तिने — पण दार उतरवेपर्यंत माझं काय झालं ते माझं मला माहीत. त्यानंतर घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या, न्हाणीघराचीसुद्धा. बायको म्हणते, पोर निकालाला नाही घाबरली, तुम्हाला घाबरली. तिचं काय, काहीही बोलते. पण आता माझ्यामुळे पुन्हा नापास झाली, तर मी आणखी काय काय काढून ठेवू?

सुटला वाटतं पेपर. ती बघा, निळ्या पिशवीवाली. तुम्ही काही बोलू नका हं तिच्यासमोर — ये ये, बाळा. कसा गेला? ते आलं होतं? के काढायचं? मग काय घातलंस? मोठ्याने बोल की! वजा? बाईंनी सांगितलं तसं? अगं — अगं, मग तेच बरोबर! मीच चुकलो होतो, हे बघ, हे पुस्तकात — रडतेस कशाला? कुठे रागावलोय मी? पुस्तक दाखवायला हात वर केला, नुसतं पुस्तक दाखवायला — अशी मागे का सरकतेस?

ताई, हे तुमचं पुस्तक. धरा. आणि जा ना तुम्ही, तुमचा मुलगा आला असेल.