रविवारची धिरडी

(ग्वाल्हेर. टोपी बाजारामागचं घर, सकाळची वेळ. ओट्यापाशी महिपतराव; स्वयंपाकघराच्या दारात मुलगा संग्रामसिंह आणि नात गरिमा.)

संग्रामसिंह : आबा, आधी तो गॅस बंद करा. मग बोलू.

महिपतराव : तव्यावर धिरडं आहे. ते उलटेपर्यंत तूच गप्प बस.

संग्रामसिंह : अहो, मी नाश्त्याला बेडईच्या पुऱ्या घेऊन आलोय ना गरम गरम! कुणी सांगितला तुम्हाला हा उपद्व्याप? मनगट बघा जरा. शेजारच्या मंदाताईंचा फोन आला नसता तर भाजल्याचं कळलंही नसतं मला.

महिपतराव : मंदाताईंना म्हणावं, खिडकीतून आमच्या मनगटाकडे बघण्यापेक्षा आपलं दूध उतू जातंय का ते बघा.

गरिमा : आबा, आप भी ना! दाखवा तर. पापा, ये तो सूख भी गया. छोटंसंच आहे.

संग्रामसिंह : तू मध्ये पडू नकोस. आबा, तुमची खोली तयार आहे. सिटी सेंटरच्या आमच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, स्वयंपाकाला बाई येते. ही बॅग आणलीय. आज चार कपडे घ्या, बाकीचं सामान सावकाश नेऊ. घराला कुलूप लावून टाकू.

महिपतराव : कुलूप तू तुझ्या तोंडाला लाव. मी कुठंही येत नाही.

संग्रामसिंह : आईला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून हेच ऐकतोय! एकटे राहणार कसे तुम्ही? जन्मात कधी चहा केला नाहीत. आपल्या घराण्यात पुरुषमाणूस चुलीपाशी गेलाय कधी? महिपतराव धिरडी घालत बसतात हे काकासाहेबांना कळलं तर सगळे हसतील.

महिपतराव : खुशाल हसू देत. यांच्या पणजोबांनी तलवारी चालवल्या म्हणे, आणि यांना साधा कांदा चिरता येत नाही! बस तिथं. खा.

संग्रामसिंह : मला नको.

गरिमा : मला द्या. अरे वा, क्या बना है! पापा, जिद मत करो ना, एक घास तर घ्या.

संग्रामसिंह : आण. हं... ठीक आहे. राग मानू नका आबा, पण आईच्या धिरड्यांची सर नाही.

महिपतराव : सर नाही? आईच्या कुठल्या धिरड्यांची, ते तर सांग.

संग्रामसिंह : कुठल्या म्हणजे? शेवटी शेवटी तर काय सुरेख करायची ती! त्या थंडीत ओल्या लसणीची केली होती, आठवतं? मी सात खाल्ली. विचारलं तिला, आई, काय घातलंस गं यात? नुसती हसली.

महिपतराव : हसणारच. काय घातलंय ते तिला कुठं ठाऊक होतं!

संग्रामसिंह : काय बोलताय तुम्ही?

महिपतराव : ती मी केली होती. ती, आणि शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही जेवढी खाल्लीत तेवढी सगळी.

संग्रामसिंह : बस झालं आबा! या घरात राहायचंय म्हणून काहीही सांगाल? ती गेली बिचारी, निदान तिच्या हातची चव तरी तिच्या नावावर राहू द्या!

महिपतराव : आवाज खाली. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात उभा आहेस तू.

गरिमा : पापा, आबा खरं बोलताहेत. मैंने देखा था. मी एकदा पाणी घ्यायला आत आले, तर आबा धिरडं घालत होते आणि आजी बाजूला उलथनं धरून उभी. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. म्हणाली, तुझ्या पापाला सांगू नकोस हं. मैंने वादा किया था, तो नहीं बताया.

संग्रामसिंह : म्हणून आम्हाला आत येऊ देत नव्हती ती? "बाहेरच बसा, गरम गरम पाठवते"... आणि ताटल्या तुम्ही आणायचात. आम्ही हसायचो, आबा म्हातारपणी वेटर झाले म्हणून.

महिपतराव : हसायचात, ऐकू यायचं मला. बरं वाटायचं. म्हटलं, चला, यांना काही कळलं नाही.

संग्रामसिंह : झालं काय होतं तिला?

महिपतराव : एका रविवारी पीठ भिजवून तयार, तवा तापून लाल, आणि शालिनी नुसती उभी. मला हाक मारली. "अहो, आता पुढं काय करायचं असतं हो?" सगळा जन्म जिनं धिरडी घातली, ती मला विचारते! मी म्हटलं, सरक बाजूला. पहिली सगळी जळाली, मग एक जमलं. तेवढ्यात खाली तुमची गाडी वाजली, तशी तिनं माझ्या हातातलं उलथनं हिसकावलं. म्हणाली, "मुलांना कळलं तर याद राखा."

संग्रामसिंह : तरी मला सांगायचं होतंत! मी डॉक्टर बघितला असता, दिल्लीला नेलं असतं...

महिपतराव : डॉक्टरला मी दाखवलं होतं. त्याच्याकडे इलाज नव्हता. तू काय केलं असतंस सांगू? गॅस काढून नेला असतास. दिवसरात्र एक बाई बसवली असतीस. आणि दर रविवारी समोर बसून मोठ्यानं विचारलं असतंस, आई, मला ओळखलंस का? तिला ते नको होतं. तुमची आई म्हणून या दारात उभं राहायचं होतं तिला. राहिली ती. शेवटच्या रविवारपर्यंत राहिली. आणि आज तू मला सांगतोस, गॅस बंद करा?

गरिमा : पापा... आप रो रहे हो?

संग्रामसिंह : हो, रडतोय. आईसाठी रडायचं नाही का मी?

महिपतराव : रड की. मी रोज रडतो, आणि रडून झालं की तवा तापवतो.

संग्रामसिंह : आणि ती? आम्ही तिचं एवढं कौतुक करायचो, तेव्हा काय वाटायचं तिला?

महिपतराव : तुम्ही गेलात की विचारायची, "काय म्हणाली हो मुलं?" मी सांगायचो, संग्राम म्हणाला, आईच्या हाताला तोड नाही. पदर तोंडाला लावून हसायची. "बघा, किती कौतुक झालं तुमचं!" असं म्हणायची. तेवढं बरोबर लक्षात असायचं तिच्या.

गरिमा : पापा, ये बैग? गाडीत ठेवून येऊ परत?

संग्रामसिंह : ठेव. आणि ती बेडई मंदाताईंकडे देऊन ये. आबा, वाढा आणखी एक.

महिपतराव : घे. कडेकडेनं खा, मध्ये गरम आहे.

संग्रामसिंह : मिरची जरा जास्त झालीय, आबा.

महिपतराव : पुढच्या रविवारीही एवढीच घालीन. तिला एवढीच लागायची.