नेदाच्या पाटीला फुलं किती?

…नाही, पण मी म्हणतो, माणसाला साधं विचारायचं तर होतं! 'लुबेन, तुझ्या बायकोचं नाव टपाल कचेरीला द्यावं म्हणतोय, चालेल का?' एवढंच. पण नाही. आमच्या स्तुदेन दोल गावात सरळ कुणी काही विचारतच नाही. सरपंच पांको, मागं त्सोना मावशी, तिच्या मागं गिना म्हातारी, असे तिघं रांगेनं फाटकात उभे, आणि पांको मला विचारतो काय, तर, "लुबेनदादा, जेवलास का?"

तुम्हाला सांगतो, मला वाटलं, आता कोण गेलं? फाटक धरलं म्हणून बरं.

तुम्ही हसाल. पण तुम्ही आमच्या गावात वाढला नाहीत ना. आमची नेदा, म्हणजे माझी बायको, गावची टपालबाई. सगळा जन्म त्या एका कचेरीत काढला. गावात कुणी मेल्याची तार आली, कोर्टाचा कागद आला, पोराची लढाईवर बदली झाली, की बाई तो कागद घेऊन घरी जायची आणि आधी विचारायची, "जेवलास का?" नसेल जेवला, तर बसायची. घेवड्याचं सूप होईपर्यंत बसायची, पाव मोडून द्यायची, वाडगं पुसून होईस्तोवर एक शब्द नाही. मग कागद. म्हणायची, "रिकाम्या पोटी रडलं तर माणूस आजारी पडतं." बरोबरच आहे हो… पण पुढं काय झालं? गावात तिनं नुसतं 'जेवलास का' म्हटलं की लोकांच्या घशाखाली घास उतरेना! एकदा बिचारी खरंच सहज विचारून गेली, तर ती गिना म्हातारी, जिवंत नवऱ्यासाठी दोन तास रडली. नवरा गोठ्यात. तो बाहेर येऊन विचारतोय, "कोण गेलं गं?"

तर ते तिघं फाटकात. मी म्हटलं, "जेवलोय. सांगा आता." तेव्हा कुठं पांकोनं कचेरीचं सांगितलं. जिल्ह्यातून मंजुरी आली होती, पाटीही रंगत होती, समारंभाला जिल्ह्याचा साहेब येणार होता. मला वाटलं, चला, संपलं. कुठलं संपतंय! गिना म्हणते, "फुलं किती आणायची? एकी की बेकी?"

आता हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, नसेल तर लग्नाला जाऊन मार खाल. आमच्याकडं जित्या माणसाला फुलं द्यायची ती एकी. एक, तीन, पाच. आणि मेलेल्याला बेकी. दोन, चार. जितीला चार फुलं दिलीत तर ती तुमच्या डोक्यात घालेल. तर त्सोना म्हणते, "इमारतीचं बारसं आहे. बारशाला एकी. मी पाव आणि मीठ घेऊन दारात स्वागताला उभी राहणार." गिना म्हणते, "नाव कुणाचं? मेलेलीचं. मी गहू उकडणार, वर साखर पेरणार, आणि फुलं बेकी." त्सोना म्हणते, "म्हणजे जिल्ह्याच्या साहेबाला मयताचं खायला घालणार तू?" गिना म्हणते, "खाऊ दे की, त्यालाही कधीतरी मरायचंच आहे." पाद्रीबाबांकडं गेले, तर ते म्हणाले, "माझं पवित्र पाणी दोन्हीला चालतं, मला यात ओढू नका." शेवटी पांको माझ्याकडं वळला. "दादा, बायको तुझी. तूच सांग. एकी की बेकी?"

आणि मी आपला टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकायला लागलो बघा.

खरं सांगू? गेलं वर्षभर मी बेकी नेलेलीच नाहीत. थडग्यावर जातो तो तीन फुलं घेऊन जातो. आठ मार्चला, बायकांच्या दिवशी, सगळा जन्म तिला तीन ट्यूलिप दिले. तीनची सवय तिला. आता मधेच चार नेले तर म्हणेल, 'लुबेन, काय लपवतोयस?' गिनानं एकदा पकडलं मला तिथं. म्हणाली, "मोजता येत नाही का तुला?" मी म्हटलं, "डोळे गेलेत माझे." डोळे कुठले जातायत… चार फुलं ठेवली म्हणजे मीच म्हटल्यासारखं होतं ना, की बाबा, गेली. फाटकावर कागद आहे तिचा, माणूस गेलं की आमच्याकडं लावतात तो, काळ्या चौकटीतला, फोटोसकट. चाळिसाव्या दिवशी लावला, सहा महिन्यांनी लावला, वर्षाला लावला. गावानंच लावला. मी एकदाही खळ लावली नाही. फोटोही कुठला, तर ओळखपत्रावरचा! मी चिखलाच्या बुटांनी घरात आलोय असं बघतीय. रोज फाटकातून आत येताना बूट पुसतो मी, आता बोला.

आणि शहरातल्या इस्पितळात काय झालं माहितीय? डॉक्टर बाहेर आला, पोरगाच होता, चांगला होता बिचारा. उभ्या उभ्या सांगून टाकलं. मी सकाळपासून बाकावर, पोटात पाण्याचा घोट नाही, आणि त्यानं 'जेवलात का' म्हणून विचारलंसुद्धा नाही. नेदानं विचारलं असतं. मला तेव्हा रडूच येईना, कारण मला वाटलं, अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणजे अजून बातमी आलेली नाही. वेडेपणा आहे. पण तसंच राहिलं ते माझ्यात.

तर पांकोला मी म्हटलं, "ज्याला जे वाटेल ते आणा." आणि गेलो शहरात फुलं आणायला. फुलवाली पोरगी, कानात मोठमोठ्या रिंगा, विचारते, "आजोबा, जित्याला की मेलेल्याला?" असंच विचारतात आमच्याकडं, त्यात वाईट काही नाही. मी खिसे चाचपतोय. मागं रांग. ती परत, "आजोबा, एकी की बेकी?" मी म्हटलं, "बायकोला." "मग असं सांगा ना!" म्हणाली, आणि तीन ट्यूलिप उचलले, चमकत्या कागदात गुंडाळले, वर गुलाबी फीत! म्हणते, "आजी नशीबवान आहेत." मी म्हटलं, "हो, पण तिला पटत नाही ते."

समारंभाला जाऊन बघतो तर काय, सगळं गाव बेकी! सगळ्यांचं ठरलेलं. जिल्ह्याच्या साहेबाच्या हातात तर एवढा मोठा गुच्छ, आत माणूस आहे की नाही कळेना. दारात एका बाजूला त्सोना पाव-मीठ घेऊन, दुसऱ्या बाजूला गिना गव्हाचं पातेलं घेऊन. साहेब आधी पाव खातो, मग गहू खातो, मग परत पाव. घाबरला होता. आणि मधे मी, सत्तरी उलटलेला, गुलाबी फीत लावून, पहिल्यांदा मुलगी बघायला आल्यासारखा.

कुजबुज सुरू झाली. गिना पातेलं खाली ठेवून तरातरा आली. "लुबेन," म्हणाली, "मोजलीस का?" मी म्हटलं, "मोजली." "एक काढ." मी म्हटलं, "नाही काढणार, गिना." एवढंच म्हटलं आणि फुलं छातीशी धरली. तेवढ्यात पांकोनं पडदा ओढला. निळी पाटी, वर पांढरी अक्षरं. 'नेदा कोलेवा टपाल कचेरी.' बास. फोटो नाही, तारखा नाहीत, काळी चौकट नाही.

गिना बराच वेळ बघत राहिली. तिला वाचायला वेळ लागतो. मग म्हणाली, "चौकट नाही की रे हिला." आपल्या गुच्छातलं एक कार्नेशन तिनं उपटलं, माझ्या कोटाच्या काजात खोचलं आणि म्हणाली, "हे तुला. तूही जिता आहेस अजून." आणि उरलेली फुलं पाटीखाली ठेवली. ती किती होती ते तुम्हीच मोजा. माझ्याच्यानं तिथं मोजणं झालं नाही. वर्षभर अडलेलं रडू सगळ्या गावासमोर, साहेबासमोर आलं. साहेबानं काय करावं? गव्हाचं वाडगं पुढं केलं माझ्या!

आता गावात काय चाललंय ऐका. लोक पाटीचं अख्खं नाव घेतात थोडंच? "नेदा आज उघडली का?" "नेदाचं छप्पर गळतंय." परवा पांको चौकात सगळ्यांदेखत मला म्हणतो, "लुबेनदादा, यंदा नेदाला बाहेरनं रंग मारू." मी म्हटलं, "तिला विचारून मार बाबा."

मी आपला संध्याकाळी आणखी दोघा म्हाताऱ्यांबरोबर समोरच्या बाकावर जाऊन बसतो. ती सुटायची वाट बघत बसायचो ना, तो बाक. सगळा जन्म भांडलो, 'ती कचेरी सोडून घरी कधी येणार तू?' आता तर सरकारी मंजुरीनं तिथंच राहिली. भांडणार कुणाशी?

आणि काल काय झालं… नवी टपालबाई आलीय, शहरातली पोर, तिला गावचं काहीएक ठाऊक नाही. तिनं कुलूप लावलं, पिशवी खांद्याला लावली, माझ्यासमोर आली आणि गोड हसून म्हणते, "काका, जेवलात का?"

बाकावरचे आम्ही तिघंही म्हातारे पांढरेफटक! मी काठी घट्ट धरली. म्हटलं, "सांग बाई. कोण गेलं?"

ती घाबरली. "कुणी नाही हो काका," म्हणाली, "सहज विचारलं."

आता मला वाईट बातमी यायची राहिलीय तरी कुठली म्हणा. पण दारावर नाव नेदाचं, दारातून येतो प्रश्नही नेदाचाच, आणि ऐकायचं कुणी? मीच. उठलो. घरी गेलो, फाटकात बूट पुसले… आणि जेवलो मुकाट्यानं.